सभेचे नियम कोणी करावयाचे?

ज्याने आयुष्यात दहा-वीस सभा चालविल्या आहेत त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. सभेत काय ठरणार हे पुष्कळदा भाषणांवर अवलंबून नसते. ते सभेच्या नियमांवर अवलंबून असते. कोणता विषय आधी घ्यावयाचा, कोणाला किती मिनिटे द्यावयाची, दुरुस्तीला अनुमोदक लागतो की नाही, मतदान हात वर करून की चिठ्ठीने, इतिवृत्त कोणी लिहावयाचे आणि ते पुढील सभेत वाचले जाते की नाही, अशा किरकोळ दिसणाऱ्या बाबींत सत्तेचा मोठा वाटा दडलेला असतो. संघटनेची घटना लिहिताना ध्येयवाक्यावर सहज एकमत होते आणि गणसंख्येच्या कलमावर मात्र मध्यरात्रीपर्यंत वाद चालतो, याचे कारण हेच आहे.

आज सभेचा बराचसा भाग संगणकावर आणि मोबाइलवर भरतो. तेथे अध्यक्षासमोर घंटा नसते. घंटा आज्ञावलीतच बसविलेली असते. कोणाचे म्हणणे वर दिसावे, कोणाचे खाली जावे, उत्तर देता यावे की केवळ पसंती दाखविता यावी, लिहिलेले मागाहून बदलता यावे काय आणि बदलल्यास त्याची खूण उरावी काय, हे सर्व आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. ज्याला त्या व्यवसायात ‘फीचर’ म्हणतात आणि मराठीत साधेपणाने ‘सोय’ म्हणता येईल, ते वस्तुतः सभेच्या नियमावलीतील एक कलम असते. पुढील वर्षी चर्चेच्या आज्ञावलीत कोणत्या नव्या सोयी घालावयाच्या, हा प्रश्न वरकरणी तंत्रज्ञांच्या टेबलावरचा दिसतो. खरे पाहता तो घटनादुरुस्तीचा प्रश्न आहे. आणि घटनादुरुस्तीत ज्यांच्यावर घटना लागू होते त्यांचा शब्द अखेरचा असला पाहिजे.

हे विधान कोणास अतिशयोक्त वाटेल, म्हणून दोन उदाहरणे पाहावीत. पहिले तैवानचे. २०१४ च्या वसंतात तेथील विद्यार्थ्यांनी संसदेचा ताबा घेऊन जे ‘सूर्यफूल आंदोलन’ केले, त्यानंतर ‘व्ही-तैवान’ नावाचा सार्वजनिक चर्चेचा उपक्रम सुरू झाला. २०१५ मध्ये उबरच्या टॅक्सीसेवेचे नियमन कसे करावे हा विषय तेथे घेण्यात आला. त्यासाठी ‘पॉलिस’ ही अमेरिकेतील सिएटल शहरात तयार झालेली आज्ञावली वापरली गेली. या आज्ञावलीच्या कर्त्यांनी एक सोय मुद्दाम ठेवलेली नाही, ती म्हणजे उत्तर देण्याची. कोणीही एक विधान मांडावे. इतरांनी त्यास सहमती किंवा असहमती दर्शवावी, अथवा ते सोडून द्यावे. परंतु त्या विधानाखाली प्रत्युत्तर लिहिता येत नाही. त्यामुळे हमरीतुमरीला वावच राहत नाही, आणि परस्परविरोधी गटांना मान्य होतील अशी विधाने गणिताने वर येतात. टॅक्सीचालक आणि उबरचे समर्थक यांच्यात त्यामुळे काही समान भूमी दिसू शकली, हा लाभ नाकारता येणार नाही. पण त्याच नियमामुळे एखादे चुकीचे विधान जेथे मांडले गेले तेथेच त्याचा प्रतिवाद करण्याचा हक्कही जातो. वादातून मत बदलते असा ज्यांचा विश्वास आहे त्यांनी या सोयीचा, किंबहुना या गैरसोयीचा, विचार थांबून करावयास हवा.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘डिस्कोर्स’ ही २०१३ मध्ये पुढे आलेली चर्चेची आज्ञावली आज जगभर वापरली जाते. तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. तीत सदस्यांच्या विश्वासाच्या शून्यापासून चारपर्यंत पायऱ्या आहेत. मूळ नियमाप्रमाणे नवागताला पहिली पायरी चढण्यासाठी पाच विषय उघडावे लागतात, तीस टिपणे वाचावी लागतात आणि दहा मिनिटे वाचनात घालवावी लागतात. यात गैर काही नाही. घुसखोर जाहिरातदारांना अडविण्याचा तो शहाणपणाचा उपाय आहे. परंतु तिसरी पायरी पाहावी. तेथे गेल्या शंभर दिवसांपैकी निदान निम्मे दिवस हजेरी हवी, नव्या मजकुराचा मोठा भाग वाचलेला हवा, इतरांना पसंतीच्या ठरावीक खुणा दिलेल्या हव्यात आणि स्वतःलाही मिळालेल्या हव्यात. या पायरीवरच्या सदस्याला विषयांची शीर्षके बदलण्याचा आणि विषय एका विभागातून दुसऱ्यात हलविण्याचा अधिकार मिळतो. हजेरी घटली की पायरीही घसरते.

शंभरांतील पन्नास दिवस कोण हजर राहू शकतो? ज्याला कचेरीत संगणकासमोर बसण्याचा पगार मिळतो, तो. सेवानिवृत्त माणूस, विद्यार्थी. रात्रपाळी करून येणारा यंत्रकामगार, घरकाम आणि शेतमजुरी दोन्ही करणारी स्त्री, महिन्यातून दोनदा तालुक्याच्या गावी येणारा कार्यकर्ता हे त्या पायरीवर टिकू शकत नाहीत. मतदानाचा हक्क मालमत्तेवर किंवा भरलेल्या करावर अवलंबून ठेवण्याची पद्धत ब्रिटिश राजवटीत होती. येथे मालमत्तेची जागा फुरसतीने घेतली आहे. ज्यांनी हा नियम केला त्यांच्या मनात वर्गीय हेतू होता असे मुळीच नाही. त्यांना निष्ठावान सदस्यांची कदर करावयाची होती. पण नियम करताना त्या टेबलाभोवती रात्रपाळीचा कामगार बसलेला नव्हता, आणि सर्व फरक त्यानेच पडतो. संस्थेला हे आकडे आपल्यापुरते बदलता येतात, हे खरे. मात्र बदलता येतात हे किती संस्थांना ठाऊक असते आणि त्यांतील किती ते प्रत्यक्ष बदलतात?

खाजगी कंपनीच्या आज्ञावलीत तर हा प्रश्न विचारण्याचीही जागा नाही. चळवळीतील असंख्य गट आज ज्या व्हॉट्सअॅपवर चालतात, ते २०१४ मध्ये फेसबुकने विकत घेतले. त्यात गटप्रमुखाला कोणाही सदस्याला कारण न देता बाहेर काढता येते. ठराव, दुरुस्ती आणि इतिवृत्त यांना तेथे स्थानच नाही. ज्या संघटनेच्या घटनेत सदस्याला नोटीस दिल्यावाचून काढता येत नाही, तिचीच चर्चा अशा ठिकाणी चालते, आणि लेखी घटना व प्रत्यक्ष वहिवाट यांतील ही विसंगती कोणाच्या लक्षातही येत नाही.

याला पर्याय म्हणून मुक्त आज्ञावलीकडे बोट दाखविले जाते, आणि ते योग्यच आहे. ज्या आज्ञावलीचा मजकूर वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो, ती कोणा एकाची मिरास राहत नाही. परंतु येथे एक गल्लत नेहमी होते. मजकूर खुला असणे आणि निर्णय खुला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मजकूर सर्वांचा असूनही पुढे काय घडवावयाचे हे चार-पाच जणच ठरवीत असतात, आणि नापसंत असणाऱ्याला सांगितले जाते की, मजकूर घ्या आणि वेगळी चूल मांडा. आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात संस्थेविषयी असंतुष्ट माणसापुढचे दोन मार्ग वेगळे करून दाखविले आहेत: बाहेर पडणे आणि आत राहून आवाज उठविणे. मुक्त आज्ञावलीने बाहेर पडण्याचा हक्क कायद्याने दिला. आवाजाचा हक्क तिने आपोआप दिलेला नाही. आणि वेगळी चूल मांडावयाची तर सरपण लागते. ज्याच्यापाशी आज्ञावली लिहिणारी माणसे नाहीत त्या संघटनेला बाहेर पडण्याचा हक्क कागदावरच राहतो.

आवाजाचा हक्क देण्याचा गंभीर प्रयत्न ‘डेबियन’ या प्रकल्पाने केला. संगणकाची मूळ कार्यप्रणाली जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून तयार करण्याचा हा प्रकल्प आहे. त्याने १९९७ मध्ये आपला सामाजिक करार आणि १९९८ मध्ये आपली घटना स्वीकारली. तेथे दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते, मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि मोठ्या वादांवर सर्वसाधारण ठराव घेतले जातात. लोकशाहीची अशी शिस्त अनेक राजकीय पक्षांतही दिसत नाही. तरीही ही कारागिरांच्या श्रेणीची लोकशाही आहे. मत प्रकल्पाच्या स्वीकृत सदस्यांना आहे. जो केवळ वापर करतो त्याला नाही. संगणक सुरू होताना कोणती यंत्रणा वापरावयाची यावर २०१४ मध्ये तेथे तीव्र वाद झाला, तेव्हा असंतुष्टांतील काही जणांनी खरोखरच वेगळी चूल मांडली आणि ‘देवुआन’ हा प्रकल्प सुरू केला. ते सर्व कारागीर होते म्हणून त्यांना ते जमले.

कारागीर आणि वापरणारे या दोघांना एका सभेत बसविण्याचा प्रयत्न स्पेनमधील बार्सिलोना शहरात झाला, आणि कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा तोच आहे. २०११ मध्ये स्पेनच्या शहरांतील चौक व्यापणारे जनआंदोलन उभे राहिले. त्या वातावरणातून पुढे आलेल्या नागरी आघाडीने २०१५ मध्ये बार्सिलोनाची सत्ता मिळविली आणि घरांच्या प्रश्नावर लढणाऱ्या अदा कोलाव महापौर झाल्या. शहराचा चार वर्षांचा कार्यक्रम नागरिकांच्या सूचनांतून ठरवावा असा संकल्प सोडण्यात आला. २०१६ मध्ये त्यासाठी जी चर्चा झाली तीत दहा हजारांहून अधिक सूचना आल्या. त्या वेळी माद्रिदच्या महापालिकेने तयार केलेली ‘कॉन्सुल’ ही मुक्त आज्ञावली बार्सिलोनाने घेतली होती. पुढे गरजा वेगळ्या आहेत असे दिसल्यावर नवी आज्ञावली लिहिण्यात आली. तिचे नाव ‘देसिदिम’. कतालान भाषेत त्याचा अर्थ ‘आम्ही ठरवितो’. तिचा परवाना असा आहे की, जो कोणी तीत बदल करून ती लोकांना वापरावयास देईल त्याने बदललेला मजकूरही खुला ठेवला पाहिजे. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली वस्तू पुन्हा खाजगी कुंपणात जाऊ नये यासाठीची ही तजवीज आहे.

नाव ‘आम्ही ठरवितो’ असेल तर आज्ञावलीत काय असावे हेही ‘आम्ही’च ठरविले पाहिजे, हा तर्क तेथील लोकांनी शेवटपर्यंत नेला. देसिदिमच्या पुढील सोयींची चर्चा देसिदिमवरच चालते. त्या सभेचे नाव ‘मेतादेसिदिम’. कोणीही अडचण मांडतो आणि सोय सुचवितो. इतर त्यास पाठिंबा देतात, हरकत घेतात, दुरुस्ती सांगतात. आज्ञावलीची जबाबदारी असलेल्या मंडळींनी सूचना स्वीकारली, फेटाळली की विचारार्थ ठेवली हे जाहीर लिहावयाचे असते, आणि नकाराचे कारणही द्यावयाचे असते. २०१९ मध्ये या समुदायाची रीतसर संस्था स्थापन झाली. देसिदिम वापरणाऱ्या संस्थांसाठी एक सामाजिक करार आहे. लोकांनी दिलेल्या सूचनांत कोणी गुपचूप फेरफार करू नये, प्रत्येक सूचनेचे पुढे काय झाले हे शोधता यावे आणि सर्वांना समान संधी असावी, अशी त्याची कलमे आहेत. आज्ञावलीतील काही सोयी या कलमांचीच यांत्रिक रूपे आहेत. प्रत्येक सूचनेच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढला जातो. मजकुरात एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, आणि लबाडी उघडकीस येऊ शकते. इतिवृत्ताच्या वहीची पाने क्रमांकित असावीत या जुन्या नियमाचेच हे नवे रूप म्हणता येईल.

बार्सिलोनाची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. हेलसिंकीने आपल्या नागरी अंदाजपत्रकासाठी आणि युरोपीय संघाने २०२१ मध्ये युरोपच्या भवितव्यावरील परिषदेसाठी हीच आज्ञावली वापरली. प्रसार वाढला तशा सोयी मागणाऱ्यांत महापालिकांच्या कचेऱ्या आणि त्यांचे कंत्राटदारही आले. ज्याच्या हाती पैसा आहे त्याने एखादी सोय स्वखर्चाने करून आणली, तर ती रांगेत पुढे जाण्याचा धोका उघड आहे. शिवाय सभेचे दार उघडे असले तरी आत तोच जातो ज्याला वेळ आहे, ज्याला त्या व्यवसायाची परिभाषा येते आणि ज्याला कतालान, स्पॅनिश किंवा इंग्रजी लिहिता येते. आणि सत्तांतराचा प्रश्नही आहेच. २०२३ च्या निवडणुकीनंतर कोलाव महापौर राहिल्या नाहीत. संस्था वेगळी नोंदलेली असणे, तिची स्वतःची घटना असणे आणि मजकूर सर्वांच्या हाती असणे यांचे मोल अशा वेळी कळते. एका पक्षाच्या मर्जीवर उभी असलेली सहभागाची यंत्रणा त्या पक्षाबरोबरच जाते.

यावर तंत्रज्ञांचा एक आक्षेप असतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ते म्हणतात की, सर्वांच्या मागण्या एकत्र केल्या तर आज्ञावलीचे कडबोळे होते. मागणाऱ्याला एक वाक्य लिहावे लागते, करणाऱ्याला तीन महिने खपावे लागते; आणि मग ती सोय जन्मभर सांभाळावी लागते. जो काम करतो त्याने ठरवावे, हे अधिक न्याय्य नाही काय? या म्हणण्यात श्रमाचा स्वाभिमान आहे आणि समाजवादी विचाराने त्याचा अवमान करता कामा नये. परंतु यातून निघणारे उत्तर निर्णयाच्या विभागणीचे आहे. ज्या सोयीने सदस्यांचे हक्क बदलतात, म्हणजे कोणास बोलता येईल, काय वर दिसेल, काय जपले जाईल आणि कोण कोणास काढू शकेल, तिचा निर्णय सभेचा. ती सोय कोणत्या रीतीने बांधावयाची, किती दिवसांत होईल, सुरक्षित कशी राहील, याचा निर्णय कारागिरांचा. पूल कोठे हवा हे गावाने सांगावे, खांबाची जाडी मात्र ग्रामसभेत मताला टाकू नये. आणि करणाऱ्याच्या श्रमाचा दाम द्यावा, म्हणजे फुकट राबणाऱ्यांकडून मागण्या पुऱ्या करून घेण्याचा दोष सभेकडे येणार नाही.

दामाचा हा मुद्दा अर्थशास्त्राच्या गाभ्याशी जातो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात सामाईक साधने लोक शतकानुशतके कशी सांभाळतात हे दाखविले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या उदाहरणांत स्पेनमधीलच वालेन्सियाचे कालवे आहेत. तेथील शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय आजही गुरुवारी कॅथीड्रलच्या दाराशी बसते. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची जी लक्षणे त्यांनी सांगितली, त्यांत एक असे की, नियम ज्यांना लागू होतात त्यांतील बहुतेकांना ते नियम बदलण्यात भाग घेता येतो. पांझराकाठच्या फडपद्धतीशी परिचित असलेल्यांना हे नवे वाटणार नाही. मात्र पाणी आणि आज्ञावली यांत एक भेद आहे. पाणी एकाने घेतले की दुसऱ्याला कमी पडते. आज्ञावली लाखांनी वापरली तरी झिजत नाही. झिजतात ती तिला सांभाळणारी माणसे. सामाईक साधन खरे तर त्यांचे लक्ष आणि त्यांचे श्रम हे आहे, आणि तेच बेहिशेब उपसले जाते.

२०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला तेव्हा जगाला याचा धक्का बसला. जगातील असंख्य संकेतस्थळांची गुप्तता ज्या ‘ओपन एसएसएल’ या मुक्त आज्ञावलीवर अवलंबून होती, तिच्या संस्थेला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या त्या सुमारे दोन हजार डॉलर, आणि पूर्णवेळ राबणारा माणूस होता एक. मोठमोठ्या कंपन्या तिच्यावर नफा कमवीत होत्या. नव्या सोयीला टाळ्या मिळतात, निधी मिळतो, उद्‌घाटन मिळते. डागडुजीला काहीच मिळत नाही. धरण बांधावयाचे आणि चाऱ्यांतील गाळ काढावयास पैसा ठेवावयाचा नाही, हा जो सार्वजनिक कामांतील जुना रोग आहे, तोच येथेही आहे. म्हणून सोयींची यादी करणाऱ्या सभेने दरवर्षी आधी एक प्रश्न घ्यावा: जे आहे ते सांभाळण्यास किती माणसे आणि किती पैसा लागेल? उरेल त्यातून नवे. हे ठरविताना मागणाऱ्यांनाही खर्चाची जाणीव होते आणि कडबोळ्याचा धोका आपोआप कमी होतो.

या सर्वांतून कार्यकर्त्यांपुढे काही ठोस कामे येतात. पहिले, संघटनेच्या घटनेत एक कलम हवे: निर्णय घेणारी चर्चा जेथे चालेल तेथील नियम, म्हणजेच तेथील आज्ञावलीच्या सोयी, कार्यकारिणीने वर्षातून एकदा सदस्यांपुढे ठेवून मंजूर करून घ्याव्यात. सदस्याला काढणे, लिहिलेले पुसणे आणि इतिवृत्त जपणे या तीन बाबी तरी गटप्रमुखाच्या मर्जीवर राहू नयेत. दुसरे, जी मुक्त आज्ञावली वापरली जाईल तिच्या डागडुजीसाठी वर्गणीतील लहानसा का होईना पण नियमित वाटा द्यावा, आणि आज्ञावली जाणणाऱ्या तरुण सदस्यांचे त्यावरील काम हे संघटनेचेच काम मानावे. तिसरे, ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्या अडचणी मराठीत ऐकून, त्या जगाच्या सभेत पोहोचविणारे दुभाषे तयार करावेत. अडचण ज्याची, त्याचे शब्द त्या यादीत गेले पाहिजेत. चौथे, केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. महापालिका आणि जिल्हा परिषदा नागरिकांच्या सूचनांसाठी काही यंत्रणा उभारतील तेव्हा केवळ मजकूर खुला आहे काय एवढेच विचारून थांबू नये. तीत पुढे काय घालावयाचे हे कोण ठरविणार, नकाराचे कारण लेखी मिळणार काय, हेही विचारावे.

यांतील एकही काम वृत्तपत्रांत गाजणारे नाही. गणसंख्येचे कलम आणि इतिवृत्ताची वहीही कधी गाजली नाही. पण ज्या संघटनांनी त्यांची हेळसांड केली, त्यांच्या सभा पुढे कोणाच्या खिशात गेल्या हे चळवळीतील जुन्या माणसांना चांगले ठाऊक आहे. आज ती वही संगणकात गेली आहे. तिची पाने कशी असावीत याची चर्चा कोठेतरी सुरू आहे, आणि तेथील खुर्च्या बऱ्याचशा रिकाम्या आहेत.